अरुगुला आणि सासूबाईंची मोहरी

नागपुरात धरमपेठेतल्या एका कॅफेत अरुगुला नावाच्या तिखटसर पाल्याचं सॅलड मागवलं होतं, प्लेटमध्ये पानं मोजून सात-आठ आणि बिल पाहून वाटलं की एवढ्यात तर कॉटन मार्केटातून आठवड्याची भाजी येते. झालं, घरीच लावायचं ठरवलं. बियांचं पाकीट आणलं, दिवाळी होऊन जरा थंडी धरली तेव्हा गच्चीवर थर्माकोलच्या दोन खोक्यांत पेरलं, कारण ऑक्टोबर हीटमध्ये पेरलं तर काही खरं नाही.

पहिल्या खोक्यात नुसती आपली काळी माती भरली, ती चूक. पाणी घातलं की चिखल, वाळली की भेगा. दुसऱ्यात शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं होतं, तिथे चौथ्या दिवशी बदामाच्या आकाराची इवलीशी पानं वर. सासूबाई कपडे वाळत घालता घालता वाकून बघतात, "मोहरी लावून राहिली काय वं?"

मी हसले, पण नंतर वाचलं तर त्या जवळजवळ बरोबरच निघाल्या! मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातलं झाड हे, आणि राजस्थान-हरियाणात यालाच तारामिरा म्हणतात, बियांच्या तेलासाठी शेतात पेरतात. आणि मी कॅफेत बसून इटालियन समजून खात होते.

मग पानांना छिद्रं पडायला लागली, टाचणीनं टोचल्यासारखी. बारके काळे किडे, बोट नेलं की टुणकन उडी मारतात. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा झाकला, पण तो पेरल्या पेरल्याच झाकायला हवा होता. छिद्रांची पानं आम्ही तशीच खाल्ली, चवीत काही फरक नाही.

साधारण महिनाभरात कापणी. बाहेरची पानं कात्रीनं घ्यायची, मधला कोंब ठेवायचा, परत फुटतं. संत्र्याच्या फोडी, भाजलेले दाणे, लिंबू, मीठ घालून सॅलड केलं तर लेकानं संत्री वेचून खाल्ली आणि पाला माझ्याकडे सरकवला. खरी मजा आली ती चुनात, म्हणजे पिठल्यात. सासूबाईंनी लसणाची फोडणी देऊन बेसनाचं पातळ चून केलं आणि गॅस बंद केल्यावर मूठभर पानं हातानं तोडून टाकली, आधी टाकली असती तर शिजून सगळा झणका गेला असता. ज्वारीची गरम भाकर, चून आणि मधेच नाकात जाणारा तो तिखटपणा, बाप्पा!

फेब्रुवारीत ऊन चढलं तशी झाडं सरसर उंच झाली, पानं कडूजार. काही उपटली, चार ठेवली. फिकट पिवळसर पांढरी फुलं आली, पाकळ्यांवर तपकिरी रेघा, मग शेंगा. त्या वाळल्यावर सासूबाईंनी सुपात चोळून पाखडल्या, वाटीभर बिया निघाल्या. आता त्या किचनमध्ये मसाल्याच्या रांगेतच एका बरणीत आहेत आणि बरणीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: मोहरी नाही, फोडणीत टाकू नये.