आता कशाला

मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा

आई दोनच शब्द बोलली आणि मी सहा तास त्यांच्यावर अडकून बसलेय. संध्याकाळी बेसिनपाशी अलाईनरचा 17 नंबर धूत होते, म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक घालायच्या प्लास्टिकच्या ट्रेंपैकी सतरावा. मऊ ब्रश आणि साधं नळाचं पाणी, कारण गरम पाण्याने तो वाकडा होतो. आई कुकर बंद करायला निघाली होती, ती जाताजाता थांबली, माझ्या हातातल्या प्लास्टिककडे बघितलं आणि म्हणाली, "आता कशाला?" उत्तराला थांबलीसुद्धा नाही.

"कशाला" एकवेळ चाललं असतं. "आता" लागलं.

आता म्हणजे कधी? सातव्या महिन्यात? तिशी उलटल्यावर? की लग्न होऊन गेल्यावर? बघायला येणारे येऊन गेले, पोहे खाऊन झाले, आता दात सरळ झाले काय आणि वाकडे राहिले काय, दाखवायचेत कुणाला? तिला हेच म्हणायचं होतं असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि मग मेथी निवडताना, जेवताना, तलावपाळीला फेरी मारताना तिच्याशी मनातल्या मनात भांडत राहिले. तसल्या भांडणात मी नेहमी जिंकते. आजही जिंकले. बरं काही वाटलं नाही.

बोलणारी ती एकटी नाहीच म्हणा. अहोआई गोड बोलून म्हणाल्या, "बाळंतपण झालं की घाल की निवांत." जसं काही बाळंतपणानंतर निवांतपणा पोस्टाने येणार आहे. ऑफिसातल्यांनी "सेफ आहे ना गं?" असं कपाळाला आठ्या घालून विचारून झालं. हा म्हणतो, "तुला हवं ते कर." हे वाक्य मला कधीच नीट कळलेलं नाही, पण ते आज नको.

सेफ आहे. दोघी डॉक्टरणींनी होकार दिलाय. सुरुवातीचा एक्स-रे ही बातमी यायच्या कितीतरी आधी काढला होता, आता गरज नाही म्हणून दातांच्या मॅडमनी परत काढलेला नाही. पाचव्या महिन्यात दात साफ करून घेतले, कारण मधले तीन महिनेच त्यातल्या त्यात सोयीचे असतात, नंतर त्या खुर्चीत उताणं पडवत नाही. हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येतं, पण ते ट्रेमुळे नाही, हार्मोनमुळे. हे सगळं मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय. आईलाच तेवढं सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मलाही हाच प्रश्न पडायचा. 8 नंबर पाच आठवडे चालला. ओकारी आली की ट्रे काढा, चूळ भरा, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, अर्धा तास ब्रश लावू नका (पोटातल्या आम्लाने दातावरचं कवच मऊ पडलेलं असतं, लगेच घासलं तर तेच निघतं), ट्रे धुवा, परत घाला आणि वीस मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. बाथरूमच्या थंड लादीवर बसून मी रडलेय त्या 8 नंबरसाठी. म्हणजे रडायला कारण तेच सांगितलं. मागच्या वेळी आठव्या आठवड्यात... जाऊ दे.

तेव्हा सोडून दिलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. तरी सोडलं नाही. का, ते आज जिना चढताना दम लागून उभी राहिले तेव्हा थोडंसं कळलं. माझं वजन एका फायलीत आहे. साखर, लोह, बीपी त्याच फायलीत. मी कुठल्या कुशीवर झोपते हे अहोआईंना फोनवर माहीत असतं. पोटाला हात लावायला लिफ्टमधल्या काकूसुद्धा विचारत नाहीत. या सगळ्यात माझ्या बोनसमधून, मी एकटीने ठरवून, कुणाला न विचारता सुरू केलेली ही एकच गोष्ट उरलीय. 28 ट्रे. एकेक ट्रे दाताला फार तर पाव मिलिमीटर सरकवतो. एवढंसंच आहे, पण माझं आहे. आणि त्यालाही "आता कशाला".

हे लिहून वाचलं तर फारच बिचारी वाटतेय मी. एवढीही नाहीये.

कारण गेल्या गुरुवारचं मी कुणाला सांगितलेलंच नाही. ठाण्याच्या फलाट 10 वरून ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी, लेडीज डबा. पोट बघून एका मावशींनी उठून जागा दिली आणि पाठोपाठ डबा उघडून खोबऱ्याची वडी पुढे केली. नाही म्हणायची सोय नाही, आणि खरं म्हणजे भूकही लागलेली. डॉक्टर म्हणतात दर दोन तासांनी थोडं थोडं खा, डेंटिस्ट म्हणतात दिवसाचे 22 तास ट्रे तोंडात हवा. या दोन बायका एकदा समोरासमोर बसवायला हव्यात. तर मी खिडकीकडे तोंड फिरवलं, नखाने मागची कड उचलली, ट्रे निघाला आणि त्याच्याबरोबर लाळेची एक लांबच लांब तार, थेट ओढणीपर्यंत. मावशी बघतच राहिल्या.

"अगो बाई! कवळी?"

अख्खा डबा वळला. "पहिलंच ना गं? आणि आत्तापासून दात गेले?" दुसरी म्हणाली, "पोरं ओढून घेतात सगळं, माझेही असेच..." दिघा गाव येईपर्यंत मी समजावत होते, ऐरोलीपर्यंत ट्रेची डबी तिघींच्या हातून फिरून आली, रबाळ्याला एकीने तिच्या मुलीसाठी किती खर्च येतो ते विचारलं. घणसोलीला उतरायला उठले तर मावशी म्हणाल्या, "हस बघू." हसले. त्यांनी निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "वाकडे कुठायत?"

17 ट्रे झाले आणि हे मला सांगितलं कोणी, तर ट्रान्स हार्बरवरच्या वडीवाल्या मावशींनी. ऑफिसच्या आरशात बघितलं. खरंच, पुढचा तो एकावर एक चढलेला दात खाली उतरलाय. फक्त त्यावरचे चिकटवलेले ठिपके पिवळे दिसतात, ते अहोआईंच्या हळदीच्या दुधाने. आणि खालचा एक ठिपका डोहाळजेवणाच्या चकलीने नेला. गिळला बहुतेक.

तो चढलेला दात आईचा आहे. म्हणजे तिलाही तसाच आहे. ती हसताना पदर वर नेते, आता ड्रेस घालते तरी हात वर जातोच, पदर नसलेला. लहानपणी मला वाटायचं हसायची तीच पद्धत असते.

आज मागचं आवरताना मी मुद्दाम विषय काढला. भांडायलाच, खरं तर. म्हटलं, बायका म्हणतात पोरं दात ओढून घेतात. आई म्हणाली, "खोटं नाही ते. तुझ्या वेळी माझी एक दाढ गेली." मी मॅडमनी सांगितलेलं सांगितलं, की बाळ दातातलं कॅल्शियम नेत नाही, खाण्यात कमी पडलं तर हाडातलं घेतं. दात जातात ते हिरड्यांमुळे, ओकाऱ्यांमुळे आणि वेळेवर कुणी न बघितल्यामुळे. ती कढई घासत ऐकत होती.

"दाखवलं नाहीस कुणाला?"

"दाखवणार होते. ठणकायची रात्रभर, लवंग धरून बसायचे. सगळे म्हणाले, आता कशाला, सुटका होऊ दे आधी. मग तू झालीस, मग कुठला वेळ. मग काढूनच टाकली."

आणि कढई उपडी घातली. तिच्या काही लक्षात आलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. माझ्या तोंडात ट्रे नव्हता, तरी मला बोलता आलं नाही.

मग तिने मला ते तसंच दिलं का, जसं तिला मिळालं? की तिला खरंच फक्त विचारायचं होतं? साधा प्रश्न, साधं उत्तर द्यायचं: आई, मला हवंय म्हणून. एवढं वाक्य मी सहा तासांत एकदाही का म्हटलं नाही, कुणास ठाऊक. आईशी बोलताना मला अजूनही कारणं द्यावी लागतील असंच वाटतं. बत्तिसाव्या वर्षी.

मॅडम एकदा सहज बोलून गेल्या होत्या की दुधाच्या दातांचे कोंब सहाव्या आठवड्याच्या आसपासच धरतात. म्हणजे मी 8 नंबर लावून ओकत होते तेव्हाच. जन्मताना हिरडीच्या आत वीसच्या वीस तयार होत असतात. त्यातला कुठला कुणावर चढून बसणार हे आत्ता ठरत असेल का? बिचाऱ्याच्या, की बिचारीच्या, आजीचा आणि आईचा दोघींचा दात डोक्यावर.

हॉस्पिटलच्या बॅगेच्या यादीत झबली-टोपड्यांखाली "अलाईनरची डबी" लिहून ठेवलंय. सिझेरियन झालंच तर भूल देण्याआधी बांगड्यांबरोबर ट्रेही काढून ठेवतात. कुणाच्या हातात द्यायचा, ते अजून ठरवलेलं नाही.

पावणेबारा. आज वीस तास चाळीस मिनिटंच भरली आणि पुन्हा भूक लागली. खाल्लं की परत ब्रश, परत चूळ. ट्रेची डबी उशाशीच आहे. चकल्यांचा डबा मात्र आईने कुठे ठेवलाय ते तिला उठवून विचारावं लागेल.