येईल तो, येईल तो...

वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहायला लागला की मला कसंतरीच होतं. काठाजवळ पाणी एकदम सपाट दिसतं, नवशिक्याला वाटतं वा काय मस्त, आणि परतायला वळल्यावर कळतं की आता सगळं अंतर वाऱ्याच्या तोंडावर वल्हवायचंय.

त्या दिवशी पॅडलबोर्डवरचा (उभं राहून वल्हवायची फळी) एक माणूस असाच बाहेर गेलेला. ३:४० ला मला पहिल्यांदा खटकलं. उभा होता तो गुडघ्यावर बसला, मग पोटावर पडून हातानं पाणी मारायला लागला, म्हणजे दमलाय. मी त्याची जागा बॉयवरून, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेवरून धरली, तर पॅडल चालू असूनही तो बॉयच्या पलीकडे सरकत चाललेला. आमची सेफ्टी बोट मुलांच्या क्लासजवळ, मुलांना सोडून ती काढता येईना. दुर्बीण लावून मी स्वतःलाच सांगतोय, येईल तो, येईल तो. खरं कारण वेगळं होतं, मागे एकदा मी कोस्टगार्डला कॉल लावला आणि तो माणूस आपला आपण परत आला, वर माझ्यावरच चिडला. ती लाज डोक्यात बसली होती.

शेजारी जुनी सहकारी होती, ती म्हणाली, ‘अरे तू लावू का नको असा विचार करतोयस ना, मग लाव. परत आला तर कॅन्सल करता येतं.’

वीएचएफ रेडिओ, चॅनल १६, संकटाच्या कॉलचा. पॅन-पॅन तीनदा, म्हणजे तातडीची मदत हवी, मग आम्ही कोण, तो कुठे, किती जण, काय झालंय. कोस्टगार्डच्या ऑपरेटरनं शांतपणे विचारलं, लाइफ जॅकेट आहे का, वेटसूट आहे का, कपड्यांचा रंग कोणता. जॅकेट होतं, वेटसूट नव्हता. मी उत्तर देतोय तोवर तो बोर्डवरून पडला, आणि बोर्डला बांधून ठेवणारी दोरी, लीश, नसल्यामुळे बोर्ड वाऱ्यानं असा पळाला की विचारू नका. तिथेच मेडे केला, म्हणजे जीव धोक्यात असल्याचा कॉल. थंड पाण्यात साधारण पहिलं १ मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, भान जायला तासभर लागतो. पण हाताची ताकद गेल्यावर दोरी फेकून तरी काय उपयोग? सहकारीला सांगितलं, तू फक्त त्याच्याकडे बोट दाखवत रहा, दुसरं काही करू नको. कारण लाटांमधे नुसतं डोकं, एकदा नजर हलली की परत सापडत नाही, मी अनुभवलंय.

लाइफबोटला तिच्या बोटाच्या दिशेनंच पाठवलं. त्याला आडवा ठेवून वर घेतला, ओठ निळे, बोटं मिटेनात. जरा बोलायला लागल्यावर पहिलं काय विचारलं तर बोर्ड सापडला का!

संध्याकाळी लॉगमधे कॉलची वेळ भरली, ३:५२. ३:४० साठी रकानाच नव्हता, तो आकडा मी मार्जिनमधे लिहिला.