सातव्या प्रकरणाचा तिसरा खर्डा

तीन आठवड्यांत शब्दसंख्या ४१,००० वरून ३८,००० वर आली. याला प्रगती म्हणायला जीभ रेटत नाही, पण रुतलेलं गाडं निघालंय, म्हणून नोंद करतोय.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: कादंबरीचं बीज म्हणजे सैताफर्नेस या प्राचीन राजाचा म्हणून गाजलेला सोन्याचा मुकुट. १८९६ मध्ये लूव्र संग्रहालयाने तो प्राचीन ग्रीक कारागिरी समजून २,००,००० फ्रँकला घेतला. जर्मन अभ्यासक फुर्टवेंगलर यांनी तो बनावट असल्याचं लगेच मांडलं, पण संग्रहालय बधलं नाही. १९०३ मध्ये ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला आणि हे माझंच काम म्हणाला. कुणाला पटेना, तेव्हा मूळ मुकुट समोर नसताना त्याचा एक भाग पुन्हा घडवून दाखवला. मुकुट करून घेणाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं की एका पुरातत्त्वज्ञ मित्राला भेट द्यायचीय. म्हणजे नक्कल करणाराच फसलेला! हा माणूस डोक्यातून जाईना. माझा नायक असाच एक सोनार, अर्थात काल्पनिक. नायिका संग्रहालयासाठी शिलालेखांची रेखाटनं करते.

आता चुकीची कबुली. दुसऱ्या खर्ड्यात मी मुकुटाची कार्बन चाचणी करायला लावली होती. १९०३ मध्ये! ती पद्धत आली १९४० च्या दशकाच्या शेवटी, आणि ती आधी असती तरी सोन्याचं वय तिला कळलं नसतं. माझा खर्डा वाचणाऱ्या मित्राने समासात फक्त एक उद्गारचिन्ह काढलं होतं. पुरे झालं तेवढं. सगळं प्रकरण कापलं.

त्या काळी हातात होतं काय? भिंग, ग्रीक अक्षरांच्या वळणांची जाण आणि झिजेची समज. खरी वस्तू जिथे हात लागतो तिथे झिजते. बनावट वस्तूला पोचे पडतात ते बरोबर मोकळ्या जागी, चेहरे शाबूत ठेवून. हा मुद्दा मी ठेवलाय, पण तो कुठल्याही जाणकाराला दिसेल. मला हवा होता असा सुगावा, जो फक्त नायिकेलाच लागेल.

तो शेवटी हत्यारात सापडला. सोन्याचा पत्रा राळेवर ठेवून ठशाने ठिपके उठवतात. ठशाची कड किंचित तुटली असेल, तर प्रत्येक ठिपक्याशेजारी तीच खूण उमटत राहते. मग तिसऱ्या प्रकरणात मागे जाऊन एक बटण पेरलं: तिच्या कोटाचं बटण हरवतं, नायक तिला चांदीचं घडवून देतो, वर ठिपक्यांची नक्षी. वाचणाऱ्याला ती निव्वळ प्रेमाची भेट वाटावी, एवढंच साधायचं होतं. आता सातव्यात:

‘तिने भिंग खाली आणलं. प्रत्येक ठिपक्याच्या उजव्या कडेला केसाएवढी रेघ होती. ही रेघ तिने डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. अंगठ्याने चाचपली होती, अंधारात, कोट घालताना.’

या चार ओळींना पाच संध्याकाळी लागल्या. आधी त्यांच्यामागे ‘तिचं काळीज धडधडू लागलं’ वगैरे होतं. ते काढल्यावर प्रसंग उभा राहिला. रहस्यकथेतल्या प्रेमाचा माझा जुना राग असा, की ते तपासाच्या मध्ये येऊन बसतं आणि दोन पानं सगळे थांबतात. इथे निदान तपास आणि प्रेम एकाच बटणावर अडकलेत.

नवी अडचण आठव्यात आहे. नायकाला आपलं काम लूव्रमध्ये आहे हेच माहीत नाही. ती बोलली तर तो बनावटखोर ठरणार, आणि गप्प राहिली तर त्याचं कौशल्य कुठल्यातरी मेलेल्या ग्रीकाच्या नावावर कायमचं जमा. मला वाटतं, यातलं दुसरंच त्याला जास्त लागेल. अधिकारी रेखाटनं मागायला आलाय, बटण तिच्या मुठीत आहे, आणि मी दोन परिच्छेदांवर अडलोय.