एका नॉबचं गजराचं घड्याळ: कागदावरची फेरी आणि त्यानंतर

मागच्या नोंदीपासून घड्याळ ब्रेडबोर्डवरून (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) हललेलं नाही. एक रोटरी एन्कोडर (फिरवायचा आणि दाबायचा नॉब), १२८×६४ ठिपक्यांचा ओएलईडी डिस्प्ले आणि बझर, एवढाच संसार. केस मुद्दाम अडवून ठेवली आहे. थ्रीडी प्रिंट एकदा हातात आली की बटणाची जागा बदलायला जिवावर येतं, आणि बटणं किती हवीत हेच अजून ठरायचंय.

एकट्याने करायची तपासणी आधी उरकली. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांची १० ह्युरिस्टिक्सची, म्हणजे स्क्रीन तपासायच्या ढोबळ नियमांची, यादी (१९९४ ची) घेऊन प्रत्येक स्क्रीन चाळला. एकीकडे 'परत' तर दुसरीकडे 'मागे', खोडलेला गजर परत आणायची सोय नाही, असला गचाळपणा तिने पटापट पकडला. खरं काम केलं ते कॉग्निटिव्ह वॉकथ्रूने. प्रत्येक पायरीवर चार प्रश्न विचारायचे: वापरणाऱ्याच्या मनात हे करायचं येईल का, त्यासाठीची कृती त्याला दिसेल का, हीच ती कृती असं त्याला वाटेल का, आणि केल्यावर काम पुढे सरकलं हे कळेल का? गजर जतन करायला नॉब दाबून धरायचा, ही माझी लाडकी युक्ती दुसऱ्याच प्रश्नाला आडवी झाली. दाबून धरता येतं हे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

मग कागद. स्क्रीन पट्ट्यांवर काढले, खरा नॉब पुठ्ठ्यात बसवला, आणि पट्ट्या बदलणारा संगणक मी. काम सांगताना मेनूतले शब्द तोंडी येऊ द्यायचे नाहीत. 'गजर लावा' म्हटलं की लोक स्क्रीनवर 'गजर' शोधतात आणि ती शब्द जुळवण्याची परीक्षा होते. म्हणून 'उद्या सहाला उठायचंय' एवढंच सांगितलं. 'हे दाबू का?' असं कुणी विचारलं की उत्तर एकच: 'तुम्हाला काय वाटतं?' मनात येईल ते बोलत राहा, असंही सांगून ठेवलं होतं, पण तोंडापेक्षा हाताकडे बघणं जास्त कामाचं ठरलं. वेळ निवडून झाल्यावर हात नॉबवरच थांबायचा आणि नजर स्क्रीनवर. झालं की नाही, हे कळत नव्हतं. दाबून धरण्याची युक्ती तिथेच संपली. आता साध्या एका दाबात 'लागला: उद्या ६:००' असं येतं आणि त्याखाली 'रद्द'.

कागदाला काय दिसत नाही, तेही लगेच कळलं. माझ्या एन्कोडरला एका फेऱ्यात २० खाचा आहेत. खाचेला एक मिनिट धरलं तर ५९ पर्यंत जायला जवळजवळ तीन फेरे. पट्टी सरकवताना हे जाणवतच नाही. खरा नॉब जोडल्यावर मनगट बोलतं. पाच-पाच मिनिटांची उडी घेतली की बाराच खाचा पुरतात, पण ५:४७ चा गजर लावणारी माणसं खरंच असतात. नॉब दाबून फिरवला की एकेक मिनिट, हा उपाय म्हणजे पुन्हा तेच लपवलेलं भूत. सध्या वेगावर बेतलंय: हळू फिरवलं तर एक मिनिट, झपाट्याने फिरवलं तर पाच. अडचण अशी की लोक हव्या त्या मिनिटाच्या पुढे निघून जातात.

किती जणांना बसवायचं, यावर आपल्यात नेहमी वाद होतो. पाच माणसांत ८५ टक्के अडचणी सापडतात, हा आकडा निल्सन आणि लँडॉअर यांच्या १९९३ च्या मॉडेलमधला. त्यात एक अडचण एका माणसाला सापडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली आहे. ती १० टक्क्यांवर आणली तर पाच माणसांत ती अडचण सापडण्याची शक्यता ४१ टक्केच उरते. मध्यरात्री बाराचा गजर दुपारी बाराला लागणं ही अशीच क्वचित सापडणारी अडचण, म्हणून ती कामांच्या यादीत मुद्दाम घातली. माणसं वाढवण्यापेक्षा मला ते परवडतं. शेवटी चोवीस तासांची वेळ ठेवली आणि प्रश्न मिटला.

एसयूएसची (सिस्टिम युझेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी) दहा वाक्यांची प्रश्नावली या फेरीत वगळली. तिचा गुण १०० पैकी येतो (टक्केवारी म्हणून वाचू नका), पण कुठे अडलं ते तो सांगत नाही, आणि मला आत्ता तेच हवंय. केस छापल्यावर जुन्या-नव्या आवृत्तीची तुलना करायला काढेन.

पुढची फेरी अंधारात, डोळे अर्धवट मिटून गजर बंद करण्याची. वेगाने फिरवण्याचा कोड कुणी लिहिला असेल, तर दोन खाचांमधलं अंतर किती मिलिसेकंदांखाली गेलं की उडी घेता, तेवढं सांगा.