आरएनएफए: स्क्रब ट्रॉली सोडून सर्जनच्या समोर उभं राहताना

आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलच्या ओटीत सर्जनच्या समोर रेसिडेंट किंवा असिस्टंट डॉक्टर उभा असतो. छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र बरेचदा सिस्टरच एका हाताने ट्रॉली सांभाळते आणि दुसऱ्या हाताने रिट्रॅक्टर, म्हणजे छेद उघडा धरणारं हत्यार, धरते. अमेरिकेत सर्जनच्या समोरच्या या जागेसाठी नर्सिंगमध्येच वेगळं पद आहे: रजिस्टर्ड नर्स फर्स्ट असिस्टंट, म्हणजे आरएनएफए. मी याच वाटेने गेले. एनक्लेक्स (तिथली नर्सिंगची लायसन्स परीक्षा) आणि राज्याचं लायसन्स यांवर मराठीतही पुष्कळ लिहिलेलं सापडतं, म्हणून इथे त्यापुढचंच लिहिते.

सगळ्यात आधी एक नियम, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. एओआरएन, म्हणजे तिथल्या ओटी नर्सेसची संघटना, स्पष्ट सांगते की आरएनएफए एकाच केसमध्ये फर्स्ट असिस्टंट आणि स्क्रब (ट्रॉलीवरून इन्स्ट्रुमेंट देणारी नर्स) अशी दोन्ही कामं करत नाही. ज्या हाताने टिश्यू धरलंय त्याच हाताने सुई मोजून द्यायची म्हटली, की रिट्रॅक्शन सुटतं किंवा काउंट चुकतो. मनुष्यबळ कमी असलं की ‘आजच्या दिवस दोन्ही बघा’ असं सांगितलं जातं. तिथे नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणता आलं पाहिजे.

कागदपत्रांचा क्रम असा. आधी ओटीचा अनुभव, मग सीएनओआर (ओटी नर्सचं सर्टिफिकेशन), मग आरएनएफएचा कोर्स आणि इंटर्नशिप, मग हॉस्पिटलचे प्रिव्हिलेजेस (तिथे असिस्ट करण्याची अधिकृत परवानगी), आणि शेवटी हवं असेल तर सीआरएनएफए (फर्स्ट असिस्टंटचं सर्टिफिकेशन). सीएनओआरसाठी किमान 2 वर्षं आणि 2400 तासांचा पेरिऑपरेटिव्ह (ऑपरेशनच्या आधीचा, दरम्यानचा आणि नंतरचा) अनुभव लागतो, त्यातले निम्मे म्हणजे 1200 तास प्रत्यक्ष ऑपरेशन चालू असतानाचे. परीक्षेत 200 प्रश्न, वेळ पावणेचार तास. गुण 185 प्रश्नांचेच धरतात, उरलेले 15 चाचणीचे असतात. ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे एखाद्या विचित्र प्रश्नावर अडून बसू नये. भारतातून गेलेल्या आपल्या मुलींना ॲनॅटॉमी जड जात नाही. अडतं ते स्टरिलायझेशनच्या निकषांवर आणि डेलिगेशनच्या (कोणतं काम कुणाकडे सोपवायचं) प्रश्नांवर, म्हणून तिथे जास्त वेळ द्या.

कोर्स घेण्यापूर्वी आपल्या राज्याचा नर्स प्रॅक्टिस ॲक्ट आणि बोर्डाचं आरएनएफएबद्दलचं मत वाचा. टाके घालणं, ट्रोकार (दुर्बीण-हत्यारांसाठी पोटात घालायची नळी) लावणं यांबाबत राज्याराज्यांत आणि हॉस्पिटलाहॉस्पिटलांत फरक पडतो.

कोर्सचा थिअरीचा भाग घरी बसून होतो. खरी अडचण येते इंटर्नशिपला. माझ्या कोर्सला सर्जनच्या देखरेखीखाली 120 तास पूर्ण करायचे होते. त्यासाठी तीन गोष्टी आधीच लेखी हातात हव्यात: प्रिसेप्टर (शिकवणारा मार्गदर्शक) म्हणून सर्जनचा होकार, विद्यार्थी म्हणून काम करायला हॉस्पिटलची परवानगी आणि प्रॅक्टिसचा विमा. बहुतेक जणी आधी फी भरतात आणि मग सर्जनला विचारतात. सर्जन लगेच हो म्हणतो, पण हॉस्पिटलच्या कमिटीत कागद दोन-तीन महिने अडकतो आणि कोर्सची मुदत संपत येते. दुसरी गफलत तासांची. पगारावर स्क्रब म्हणून ड्यूटी चालू असताना केलेलं असिस्टिंग इंटर्नशिपमध्ये धरलं जाईलच असं नाही. काय धरणार आणि काय नाही, हे कोर्सच्या समन्वयकाकडून ईमेलवर घेऊन ठेवा.

आता हातांचं काम.

स्क्रब नर्सची नजर पुढच्या इन्स्ट्रुमेंटवर असते. असिस्टंटला टिश्यूकडे बघायला शिकावं लागतं, आणि ही सवय बदलायला मला गाठी शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सर्जन कात्रीकडे हात नेतोय हे आपल्याला आधीच दिसतं आणि सवयीने मान ट्रॉलीकडे वळते. तेवढ्या क्षणात रिट्रॅक्टरचं टोक सरकतं.

गाठ दोन हातांची आधी पक्की करा, एका हाताची नंतर. बुटाच्या नाडीने सुरुवात करा, मग 2-0 जाडीचा सिल्कचा दोरा, मग ओले ग्लोव्हज घालून तेच. प्रत्येक फेऱ्याला दोऱ्याची दिशा बदलली नाही तर चौकोनी गाठीऐवजी सरकणारी गाठ बसते, आणि ती टेबलावर दिसायला अगदी बरोबर दिसते. ओढून पाहिल्यावरच कळतं. सिल्कला साधारण तीन फेरे पुरतात, व्हायक्रिलला चार, प्रोलीन-पीडीएससारख्या गुळगुळीत एकपदरी दोऱ्याला पाच-सहा, कारण त्याला घर्षण कमी असतं. खोलातली गाठ शिकायला स्टीलच्या पेल्यात तळाशी हूक चिकटवा आणि त्यावर गाठ बांधा. पेला उचलला गेला, तर तुम्ही वर ओढताय. रुग्णाच्या पोटात त्याच ओढीने बारीक शीर तुटते. तर्जनी गाठीच्या पलीकडे खाली न्यायची आणि दोन्ही टोकं एका सरळ रेषेत, विरुद्ध दिशांना ताणायची.

आर्टरीने (आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे शीर पकडायचा चिमटा) धरलेल्या शिरेला सर्जन टाय करतो तेव्हा आर्टरी आपल्या हातात असते. तिचं टोक किंचित वर दाखवायचं, म्हणजे दोरा टोकाखालून जातो. पहिला फेरा बसताना आर्टरी हळूहळू उघडायची, एकदम सोडायची नाही. दोरा कापताना कात्रीची टोकं डोळ्यांना दिसलीच पाहिजेत. दोऱ्यावरून गाठीपर्यंत घसरत जायचं, कात्री थोडी तिरकी करायची आणि टोकांनी कापायचं. सिल्कची शेपटी 2-3 मिमी, एकपदरी दोऱ्याची 5 मिमीच्या आसपास. फार आखूड कापली की गाठ सुटते; लांब ठेवली की सडपातळ माणसाच्या कातडीखाली टोचते.

पोटाचा मधला छेद बंद करताना फॅशियाला (स्नायूंवरच्या मजबूत पडद्याला) दोऱ्याची लांबी छेदाच्या किमान चौपट लागली पाहिजे. 20 सेंमीच्या छेदाला 80 सेंमी दोरा प्रत्यक्ष खर्ची पडायला हवा. लावलेल्या दोऱ्यातून उरलेला वजा केला की हिशोब लागतो, आणि हा हिशोब असिस्टंटनेच ठेवावा असं माझं मत आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टिच या डच चाचणीनंतर बरेच सर्जन छोटे टाके घेतात: कडेपासून 5 मिमी, दोन टाक्यांत 5 मिमी, 2-0 पीडीएस. अशा वेळी दोरा ‘फॉलो’ करणं, म्हणजे सर्जन टाके घेत जाईल तसा दोरा ताणून धरणं, आपल्याकडे असतं. ताण एकसारखा हवा, कडा फक्त एकमेकींना टेकतील इतकाच. घट्ट आवळलं की कडा पांढरी पडते, रक्तपुरवठा तुटतो आणि दोरा टिश्यूतून कापत जातो. पुढच्या हर्नियाचं बीज तिथे पडतं. फॅशियासाठी बोथट टोकाच्या सुया मागा. टाके घेताना हाताला टोचण्याचा धोका त्यांनी कमी होतो.

लॅप्रोस्कोपीने (दुर्बिणीतून) पित्ताशय काढण्याच्या केसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण असिस्टंटच्या चुकीची किंमत इथे सगळ्यात मोठी असते. फंडसचा (पित्ताशयाच्या टोकाचा) ग्रास्पर, म्हणजे पकडायचा लांब चिमटा, आपल्याकडे असतो; काही सर्जन इन्फंडिब्युलमचाही (नलिकेजवळच्या निमुळत्या भागाचाही) देतात. फंडस यकृतावरून वर, रुग्णाच्या उजव्या खांद्याच्या दिशेने ढकलायचा. इन्फंडिब्युलम मात्र बाहेर आणि खाली, उजव्या कमरेकडे. या दोन विरुद्ध ओढींनी कॅलॉटचा त्रिकोण (पित्ताशयाची नलिका, मुख्य नलिका आणि यकृत यांमधली जागा) उघडतो आणि सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची नलिका, मुख्य पित्तनलिकेशी कोन करून उभी राहते. दोन्ही ग्रास्पर वरच ओढले, तर दोन्ही नलिका एका रेषेत येतात आणि मुख्य नलिकाच सिस्टिक डक्ट वाटायला लागते. चुकीच्या जागी क्लिप लागण्यामागे ही ओढ हे एक ठळक कारण आहे. क्लिप मागितली गेली की मी मनात तीन गोष्टी तपासते: त्रिकोणातली चरबी-तंतू साफ झालेत का, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलाय का, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या रचना दोन आणि दोनच आहेत का. याला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये तो मांडला. तिन्हीतलं एक जरी दिसत नसेल तर ‘मला मागची बाजू दिसली नाही, एकदा दाखवाल का?’ असं विचारायचं. चांगला सर्जन या प्रश्नावर थांबतो.

पित्ताशय तट्ट फुगलेलं असेल तर ग्रास्पर घसरतो आणि भिंत फाटून पित्त-खडे पोटात सांडतात. ओढ वाढवू नका, आधी सुईने रिकामं करायची सूचना द्या. फंडसचा ग्रास्पर कॅमेऱ्याबाहेर असतो हेही विसरायचं नाही; हाताला अडथळा लागला की आणखी ढकलू नये, यकृत फाटतं.

कॅमेरा तुमच्याकडे आला तर 30 अंशाच्या स्कोपची (तिरकं पाहणाऱ्या दुर्बिणीची) नजर लाइट केबलच्या विरुद्ध बाजूला असते. केबल वर म्हणजे नजर खाली. कॅमेरा हेड सरळ धरून ठेवायचं म्हणजे क्षितिज हलत नाही. फिरवायची ती फक्त केबल. स्कोप बाहेर काढून ड्रेपवर ठेवला तर लाइट स्टँडबायवर टाका, टोकाच्या उष्णतेने ड्रेप जळतो.

ओपन केसमध्ये सेल्फ-रिटेनिंग (आपोआप उघडा राहणाऱ्या) रिट्रॅक्टरचं बाजूचं पातं खोल गेलं तर पाठीच्या कण्याशेजारच्या सोआस स्नायूवर दाब येतो आणि मांडीला जाणारी फेमोरल नर्व्ह चेपते. दुसऱ्या दिवशी रुग्णाचा गुडघा उभं राहताना दुमडतो. सडपातळ रुग्णात हा धोका जास्त. म्हणून पात्याखाली बोट घालून बघा, आखूड पातं मागा, आणि लांबलेल्या केसमध्ये ठरावीक वेळाने दाब सैल करा. पोझिशन देताना हात 90 अंशांपेक्षा जास्त उघडायचा नाही, आणि लिथॉटॉमीत (पाय वर बांधलेल्या स्थितीत) दोन्ही पाय दोघींनी मिळून एकदम वर घ्यायचे, एकदम खाली आणायचे.

पैशांचं आधीच माहीत असू द्या. मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, असिस्टंट सर्जनला मुख्य फीच्या 16 टक्के देतं, पीए (फिजिशियन असिस्टंट) आणि नर्स प्रॅक्टिशनरला त्याच्या 85 टक्के, म्हणजे 13.6 टक्के. केवळ आरएनएफए असलेल्या नर्सला स्वतंत्र काहीच देत नाही. त्यामुळे बहुतेक जणी हॉस्पिटलच्या पगारावर किंवा सर्जनच्या ग्रुपकडे काम करतात, आणि कित्येक जणी पुढे नर्स प्रॅक्टिशनर होतात. तो विचार असेल तर दोन्ही शिक्षणांची सांगड आधीच घाला, म्हणजे एकच खर्च दोनदा होत नाही.

सीआरएनएफएसाठी सीएनओआर, पदवी आणि आरएनएफए कोर्सबरोबर फर्स्ट असिस्टंट म्हणून 2000 तास दाखवावे लागतात. म्हणून नोंदवही पहिल्या केसपासून ठेवा: तारीख, प्रोसिजर, सर्जन, छेद ते शेवटचा टाका किती वेळ, आपण नेमकं काय केलं, कुणाची सही. रुग्णाचं नाव किंवा नंबर त्यात लिहायचा नाही. सही त्याच आठवड्यात घ्या. सर्जन हॉस्पिटल बदलून गेला, की जुन्या तासांवर सही मिळवणं फार कठीण होतं.