पुरे म्हणता येत नाही

"माझ्या शरीराला पुरे म्हणताच येत नाही गं," आजी म्हणाल्या आणि समोर पिशवीत त्यांचं रक्त भरत होतं, गडद, जवळजवळ अर्धा लिटर.

आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या आमच्या शेजारच्या आजी, आज मी त्यांना घेऊन गेले होते. हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आजार. दर तीन महिन्यांनी रक्त काढायचं, औषध एवढंच. एका पिशवीतून 200-250 मिलिग्रॅम लोह जातं.

मी जन्मभर हिमोग्लोबिन कमी, अळीव खा, गोळ्या घे, हेच ऐकलेली. इथं सगळं उलटंच. लोह पुरेसं झालं की लिव्हर हेप्सिडिन सोडतं, ते आतड्याला सांगतं की बास आता, पण सहाव्या क्रोमोसोमवरच्या एचएफई जीनमध्ये फक्त एक अक्षर बदललेलं असतं आणि तो निरोप नीट जातच नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, मग ते लिव्हरमध्ये, हृदयात, सांध्यांत साठत जातं. आयर्लंडमध्ये साधारण 83 माणसांत एकाला हा बदल आई-वडील दोघांकडूनही आलेला असतो!

आजींची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळाशी सुजलेली आहेत. कितीतरी वर्षं सगळे संधिवातच समजत होते. मी तो हात धरून बसले होते.

त्यांच्या सख्ख्या भावालाही हे असण्याची शक्यता चारात एक. साधी रक्ताची टेस्ट आहे, पण तो म्हणतो मी ठणठणीत आहे. कसं समजवायचं त्याला?