दोन षटकांच्या मधलं अर्धं मिनिट

षटक संपलं की पंच जागा बदलतात, कर्णधार एखाद्या क्षेत्ररक्षकाला हातवारे करून मागे पाठवतो, आणि तेवढ्यात पडद्यावर जाहिरात येते. जेमतेम अर्धं मिनिट. वीस षटकांच्या डावात अशा फटी १९, दोन्ही डाव मिळून ३८. पडलेल्या विकेटी आणि टाइमआउट वेगळे. ही वेळ दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांनी विकली जाते, त्यामुळे जाहिरातीतली दोन सेकंदांची उसंतसुद्धा महाग पडते.

बरं, पैसे मोजले तरी बघणारा ती फिल्म कौतुकाने एकदाच बघतो. तिसऱ्यांदा आली की पाणी प्यायला उठतो आणि दहाव्यांदा कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. पाच-सहा आठवडे एकच फिल्म दळणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

२००९ची आयपीएल लोकसभा निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत गेली, त्या वर्षी व्होडाफोनने यावर भारी तोड काढली. एक फिल्म शंभरदा दाखवण्याऐवजी सुमारे तीस फिल्मा, म्हणजे जवळपास रोज एक नवी. पांढरी, पोट सुटलेली, अंड्याच्या डोक्याची ती झूझू मंडळी! कल्पना ओगिल्वी या जाहिरात संस्थेची, दिग्दर्शन प्रकाश वर्मांचं, चित्रीकरण केपटाउनला. कित्येकांना ते ॲनिमेशन वाटलं. पण ॲनिमेशनने तीस फिल्मा उरकायच्या तर वेळ कुठून आणायचा? म्हणून आत चक्क माणसं होती, बहुतेक बारीक अंगाच्या बायका आणि मुलं.

डोकं पर्स्पेक्सचं, म्हणजे एका टणक प्लास्टिकचं. हसू-रडू रबराचं, वरून चिकटवलेलं. चेहरा असा गोठलेला असल्यावर अभिनय सगळा हातापायांत आणि मान तिरकी करण्यात. अंगावरच्या कापडाला सुरकुती पडली की आतला माणूस उघडा पडणार, म्हणून कापड जाड आणि जागोजागी फोम भरलेला. सेट करडे आणि मुद्दाम मोठे बांधलेले, आतलं पात्र चिमुकलं दिसावं म्हणून. कॅमेरा सेकंदाला चोवीसऐवजी वीस फ्रेमवर, त्यामुळे चाल जराशी झटक्याची, कार्टूनची वाटते. बोलणं तर कुणालाच कळत नाही, आणि खरी हुशारी तीच: डबिंगचा खर्च वाचला, आणि हॉटेलात टीव्हीचा आवाज बंद असला तरी विनोद पोचला.

अमेरिकेतल्या सुपर बोलचं, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याचं, गणित उलटं. तिथे एका रात्रीत बाजी मारायची. १९८४मध्ये रिडली स्कॉटने केलेली ॲपलची मॅकिंटॉशची जाहिरात देशभर एकदाच दाखवली आणि लोक अजून तिच्याविषयी बोलतात. २०२२मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांच्या कंपनीने मिनिटभर काळ्या पडद्यावर रंग बदलत भटकणारा नुसता क्यूआर कोड दाखवला. ना नट, ना गोष्ट. लोकांनी इतके फोन रोखले की ॲपच काही वेळ कोलमडलं. आयपीएलमध्ये असं काही झालं तर पुढच्या षटकानंतर दुसरी फिल्म लावता येते. सुपर बोलमध्ये पुढची संधी थेट पुढच्या फेब्रुवारीत.